डिसेंबरातली मैफल साडेपाचला सुरू होऊ शकेल का?

धंतोलीकर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नागपुरात शंकरनगरकडच्या आपल्या नेहमीच्या छोट्या सभागृहात मैफली आहेत. शनिवारी आधी सतार, मग ख्याल. रविवारी बासरी आणि शेवटी पुन्हा गायन. पत्रिका काल घरी आली. वेळ दोन्ही दिवशी सायंकाळी साडेसहा.

मला त्या साडेसहाबद्दलच बोलायचं आहे.

माझे बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी महाल भागात गुरुजींकडे गाणं शिकले, पुढे नोकरी आणि संसारात ते मागे पडलं. तंबोरा मात्र अजून घरात आहे आणि त्याची गवसणी बाबा स्वतः धुतात. मी पत्रिका वाचून दाखवली, तर त्यांनी कलाकार कोण, साथीला कोण, काहीच विचारलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे मारवा गेला."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. मारवा हा सूर्यास्ताचा राग. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. कार्यक्रम छापतात साडेसहाचा, दीपप्रज्वलन आणि सत्कार होऊन पहिला सूर लागतो सातला. तोवर बाहेर पूर्ण अंधार असतो. सुज्ञ गायक अशा वेळी मारव्याला हात घालत नाही, यमन किंवा पूरिया कल्याण घेतो. ते राग सुंदरच आहेत, पण गेल्या कित्येक हिवाळ्यांत आम्ही प्रत्यक्ष मैफलीत मारवा ऐकलेला नाही. बाबांना तो एकदा समोर बसून ऐकायचा आहे.

या शहराला तर तो ऐकायचा हक्क आहे. डॉ. वसंतराव देशपांडे जन्मले मूर्तिजापूरला, पण वाढले नागपुरात. शंकरराव सप्रे गुरुजींकडे त्यांचं शिक्षण इथेच झालं. लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडून महिनेच्या महिने त्यांनी एकटा मारवा घेतला, हे जुन्या लोकांना पाठ आहे. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला आपण त्यांचं नाव दिलं, आणि त्यांचा राग आपल्या वेळापत्रकात बसत नाही.

आयोजकांना एकत्र पत्र लिहावं असं मनात आहे. त्याआधी तुम्हा सगळ्यांचं म्हणणं हवंय. अडचणीही मोकळेपणाने लिहा.

बर्डीचा वाटसरू

ताई, तुमच्या बाबांचं वाक्य वाचून गलबलून आलं. पण माझी अडचण सांगतो. मी मिहानमध्ये कामाला आहे, शनिवारीही सुटायला सहा वाजतात. खापरीहून मेट्रो धरून बर्डीला गाडी बदलायची आणि शंकरनगर चौकात उतरायचं, म्हणजे पोचायला सात होतात. साडेपाच म्हणजे माझ्यासारख्यांची पहिली मैफल पूर्ण बुडाली. शनिवार तसाच ठेवून रविवारचा विचार केला तर?

तंबोरा

मी गाणं शिकवतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. थोडं लांब लिहितो.

धंतोलीकर ताईंचे बाबा अगदी बरोबर आहेत. फक्त यात मारव्याएवढंच नुकसान नाही. शिष्यांना मी तीन राग एकत्र शिकवतो: मारवा, पूरिया, सोहनी. स्वर तिन्हींचे तेच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. कागदावर आरोह-अवरोह लिहिला तर नवशिक्याला फरक सापडत नाही. फरक आहे वस्तीचा. मारवा रिषभ-धैवतावर राहतो आणि षड्जाला, म्हणजे मूळ 'सा'ला, टाळत टाळत जातो, म्हणून ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पूरिया गंधार-निषाद धरून खाली मंद्रात उतरतो. सोहनी तार षड्जाच्या आसपास झुलते, आणि तिची वेळ रात्रीचा शेवटचा प्रहर.

आता आपला हंगाम बघा. कार्यक्रम सातला सुरू होतो, साडेनऊला भैरवी. त्या अडीच तासांत यमन, पूरिया कल्याण, बिहाग, बागेश्री, फार तर मालकंस किंवा चंद्रकंस. म्हणजे तीन भावंडांतला एक पूरिया कधीमधी भेटतो. मारवा आधीच निघून गेलेला असतो आणि सोहनीची वेळ आपण घरी झोपलेलो असताना येते. माझ्याकडे आठ-दहा वर्षं शिकलेल्या मुलींनी ललत आणि तोडी हे सकाळचे राग समोर बसून एकदाही ऐकलेले नाहीत. मोबाईलवर ऐकलेत. समोर तंबोरे जुळलेले, आणि गाणारा पहिला षड्ज लावायच्या आधीची ती शांतता, हा अनुभव त्यांच्या वाट्याला आलेला नाही. शिकवणारा म्हणून मला याचं फार वाईट वाटतं.

एक निरीक्षण. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोह ३० जुलैच्या पुण्यतिथीच्या आगेमागे होतो. जुलैअखेर नागपुरात सूर्य मावळतो सातला सात-आठ मिनिटं असताना. तेव्हा साडेसहाला सुरू होणारी मैफल मारव्याला नेमकी मिळते. डिसेंबरात तोच सूर्य ५:३३ च्या सुमारास जातो. जवळजवळ एक तास वीस मिनिटांचा फरक. घड्याळ तेच ठेवलं, ऋतू बदलला, आणि राग हातचा गेला. पत्रात हे अवश्य लिहा, आयोजकांना लगेच पटेल.

तर्रीपोहे

मी त म्हणतो सकायीच ठेवा न बाप्पा! साडेपाचचं काऊन भांडण करून राहिले?

दिवाळी पहाटले आपले लोकं पाच वाजता उठते, नवे कपडे घालून सहाले बागेत हजर होते. थंडीत कुडकुडते पण जागेवरून हलत नाही. म्हणजे सकायी येणारा श्रोता नागपुरात हायेच. फक्त वर्षातून एक दिवस. मंग डिसेंबरातल्या एका रविवारी सकायी साडेसहाले सुरू करा. ललत ऐका, भैरव ऐका, तोडी ऐका, आन नऊले सगळे मिळून तर्री-पोहे खाऊ. त्याच्या व्यवस्थेची जिम्मेदारी माझी. लेखी घ्या.

महालातली सून

मी सासूबाईंना घेऊन येते. माझा प्रश्न सुरुवातीच्या वेळेचा नाही, शेवटाचा आहे.

आम्ही मेट्रोने येतो. चितार ओळी चौकात उतरलं की घर जवळ. पण शेवटची गाडी दहाच्या सुमाराची. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की शेवटही लांबतो. सव्वानऊपासून मी घड्याळ बघायला लागते. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना हळूहळू चढावा लागतो, त्यामुळे साडेनऊला उठावंच लागतं. गेल्या हिवाळ्यात दोन्ही दिवस आम्ही भैरवीच्या आधी उठलो. दुसऱ्या दिवशी दारातून बाहेर पडताना मागे भैरवीचा आलाप सुरू झाला. सासूबाई तिथेच थांबल्या, दाराच्या फळीला हात लावून. मी "आई, चला" म्हटलं आणि त्या चालल्या. मला अजून त्याची रुखरुख आहे.

साडेपाचला सुरू होऊन साडेआठला संपलं तर आमच्यासारख्या कितीतरी घरांना शेवटपर्यंत बसता येईल. माझं पूर्ण अनुमोदन.

धंतोलीकर

@बर्डीचा वाटसरू, तुमचं पटलं. शनिवार राहू दे. मागणी रविवारपुरतीच करू.

@तंबोरा सर, सूर्यास्ताचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला. ते लगेच उठले आणि दाते पंचांग काढून बसले.

@महालातली सून, तुमची पोस्ट दोनदा वाचली. शेवटाचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. पत्रात तो पहिला घालते.

साउंडवाला

मी पंधरा वर्षं नागपुरात साउंडचं काम करतो. लग्न, मोर्चे, सगळंच करतो, पण शास्त्रीयची मैफल असली की मी स्वतः येतो, पोरांवर सोडत नाही. आतली गोष्ट सांगतो म्हणजे पत्र लिहायला सोपं जाईल.

सभागृह सत्रावर मिळतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. संध्याकाळचं सत्र सुरू व्हायच्या आधी आम्हाला आत पाऊल ठेवता येत नाही, कारण दुपारच्या सत्रात दुसऱ्याचा कार्यक्रम असतो. कुठे शाळेचं स्नेहसंमेलन, कुठे पुस्तक प्रकाशन. ते गेले की त्यांचा पडदा उतरवायचा, खुर्च्या काढायच्या, झाडायचं, गादी घालायची, चादर ताणायची, मग आमच्या केबली. मंचावर गायकाला एक माइक, तबल्याला दोन, पेटीला एक, दोन तंबोऱ्यांना एक-एक. त्यानंतर मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू येतो तो छोटा स्पीकर. तो नीट बसला नाही तर कलाकार पहिली वीस मिनिटं हातानेच खुणा करत राहतो, वर करा, खाली करा, आणि सुरुवातीचा सगळा आलाप त्यात जातो. मला किमान सव्वा तास लागतो.

म्हणजे साडेपाचला पहिला सूर हवा असेल तर सभागृह चारला ताब्यात पाहिजे. याचा सरळ अर्थ दुपारचं सत्रही घ्यावं लागेल. भाडं दोन सत्रांचं. आयोजक मुद्दाम उशीर करतात असं कुणी समजू नका, त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे.

वाद्यांचंही बघा. दारं उघडी, सभागृह कोमट, तेव्हा तंबोरे जुळवले. लोक आत आले, एसी जोरात सुरू केला, की धातूच्या तारा थंड होऊन आखडतात आणि सूर चढतो. मंचावरचे दिवे तापले की उलटं, तारा सैलावतात आणि सूर उतरतो. तबल्याचं चामडं आपल्या कोरड्या थंडीत ताणलं जातं, वादक मधेमधे हातोडी घेऊन बसतो ते त्यामुळे. वेळ हाताशी असला तर एसी आणि दिवे अर्धा तास आधी चालू ठेवतो, मग वाद्यं जुळवायला सांगतो. एवढ्यानेही मैफलीत केवढा फरक पडतो, ते समोर बसणाऱ्याला कळतं.

अंबाझरी

सगळ्यांच्या भावना समजतात, पण एक वेगळा विचार मांडते. रागाच्या वेळेला आपण इतकं धरून बसावं का? कर्नाटक संगीतात वेळेचा नियम इतका कडक पाळत नाहीत. चेन्नईच्या डिसेंबर हंगामात दिवसभर कचेऱ्या, म्हणजे मैफली, चालतात आणि लोक सकाळपासून रात्रीपर्यंत भरभरून ऐकतात. आपणही घरी ध्वनिमुद्रणं वाटेल तेव्हा लावतोच की. मी स्वयंपाक करताना दुपारी दरबारी ऐकते आणि तो मला तितकाच भिडतो. मग आठ वाजता गायकाने मारवा गायला तर काय बिघडलं? वेळ बदलायला पैसे लागणार असतील तर गायकालाच विनंती करू या.

तंबोरा

अंबाझरी ताई, प्रश्न रास्त आहे. मारवा रात्री आठला गायला तर स्वर चुकीचे लागणार नाहीत, हे तुमचं खरं.

पण मी अनुभवाने सांगतो. लहानपणी आम्हा मुलांना गुरुजी संध्याकाळी दिवा न लावता बसवायचे. खोलीत उजेड कमी कमी होत जायचा. गुरुजी मारव्याचा धैवत लावून थांबायचे आणि आम्हाला वाटायचं, आता षड्जावर येतील, आता येतील. ते यायचे नाहीत. बाहेर अंधार पडत असायचा, रस्त्यावर लोकांची घरी जायची लगबग, आणि इकडे सूर घरी पोचत नाहीये. तो राग मला कळला तो त्या खोलीत. स्वर पुस्तकातही होते.

शिवाय गायकाचाही प्रश्न आहे. सातला सभागृहात आलेला माणूस दिवस संपवून निवांत झालेला असतो. त्याला गायक यमन देतो, कारण समोरच्या माणसाची अवस्था त्याला दिसते. विनंती केली तर तो मान ठेवून गाईलही, पण विनंतीवरचा राग आणि त्या क्षणाला आतून आलेला राग, दोन्ही मी ऐकलेत. त्या दुसऱ्या प्रकारच्या रागासाठी मी दोन सत्रांचं भाडं वर्गणीने भरायला तयार आहे.

अंबाझरी

सर, दिवा न लावलेली ती खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. माझं मत थोडं हललंय. वर्गणीत माझंही नाव धरा.

खामल्याचे काका

वेळेचं ठरवा, पण आवाजाचंही एकदाचं बोला. मला कानाचं यंत्र आहे. मागच्या वर्षी शहरातल्या एका सभागृहात मैफलीला गेलो होतो. नाव घेत नाही. आवाज एवढा मोठा, की तबल्याची प्रत्येक थाप छातीत बसत होती. मी यंत्र काढून खिशात ठेवलं तरी गाणं स्पष्ट ऐकू येत होतं. शेजारी एक आई तान्ह्या बाळाचे कान दोन्ही हातांनी झाकून बसली होती. मध्यंतरात विनंती करायला गेलो, तर मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे असं उत्तर मिळालं. सहाशे-सातशे लोकांची जागा होती, मैदान नव्हतं.

मैदानावरच्या कार्यक्रमाचं मी समजू शकतो. ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव असतो, तिथे हजारो लोक, तिथे मोठा आवाज लागणारच. रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहातही समजतं, दोन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत. पण छोट्या सभागृहात ख्याल ऐकताना तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, ऐकू आली पाहिजे. ती ऐकू आली नाही तर गाणं कशावर उभं आहे तेच कळत नाही.

साउंडवाला

काका, तुमची तक्रार डोक्यावर घेतो. आमच्या धंद्यात ही खोड आहे. लग्नाच्या डीजेवर कान तयार झालेला पोरगा मिक्सरवर बसवला, की तो तबल्याचा खर्ज वाढवतो आणि मग गळा वर काढायला सगळंच वाढवत जातो. खरं काम उलटं आहे. आधी तंबोरा लावायचा, तो शेवटच्या रांगेत हलका ऐकू येईल इतकाच. मग त्यावर गळा. मग पेटी गळ्याच्या मागे. तबला सगळ्यांत शेवटी. असं केलं तर एकूण आवाज आपोआप कमी राहतो.

या वेळी मिक्सरवर मीच आहे. तुम्ही मधल्या भागात, मंचापासून सहाव्या ते दहाव्या रांगेत बसा. पहिल्या दोन रांगांत मॉनिटरचा आवाज आणि मुख्य स्पीकरचा आवाज एकमेकांत मिसळतो. कडेला स्पीकरच्या तोंडासमोर तर बसूच नका. जास्त वाटला तर नुसता हात वर करा, मी बघतो.

बर्डीचा वाटसरू

एक शंका. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे ना? मग सोहनीपर्यंत कधीच जाता येणार नाही का?

साउंडवाला

तो नियम २००० सालचा, ध्वनिप्रदूषणाचा. रात्री दहा ते सकाळी सहा. पण बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहत असेल तर त्याला सूट आहे. उघड्या मैदानाला मात्र लागू. तिथे राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सण-उत्सवासाठी बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. म्हणजे आपल्याला दहाला उठवतं ते सत्र संपतं म्हणून, आणि शेवटची मेट्रो जाते म्हणून. कायदा आडवा येत नाही.

पहिल्यांदाच

मी इंजिनिअरिंगला आहे, वसतिगृहात राहते. मैफलीला कधीच गेले नाही. बासरी आवडते म्हणून रविवारी यायचं मनात आहे. काही माहीत नसताना आलं तर चालतं का? टाळ्या कधी वाजवायच्या? उशीर झाला तर आत घेतात का?

महालातली सून

अगं, बिनधास्त ये. मी लग्न होऊन आले तेव्हा मला यमन आणि भूप यातलाही फरक कळत नव्हता. सासूबाई शेजारी बसून मांडीवर बोटं टेकवत ताल धरायच्या, त्यावरून मी सम ओळखायला शिकले. तबला आणि गाणं फिरून फिरून एका ठिकाणी भेटतात, तिथे आजूबाजूच्या माना आपोआप डोलतात. ती सम. दोन-तीनदा झालं की तुझीही मान डोलेल. टाळ्यांची काळजी करू नकोस, सगळे वाजवतील तेव्हा वाजव. उशीर झाला तर दाराशी थांब आणि एक बंदिश संपली की आत ये, आलाप चालू असताना रांगेतून जाऊ नकोस. फोन बंद ठेव. आणि शाल आण, त्या सभागृहात एसी फार आणि बाहेर निघाल्यावर थंडी.

आमच्याच शेजारी बस. मी निळ्या शालीत असेन, सासूबाई हिरव्या इरकलीत.

कार्यकारिणीतून

नमस्कार. मी आयोजक मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. एका सभासदाने हा धागा पाठवला आणि काल रात्री आम्ही चौघांनी तो एकत्र बसून वाचला. पत्राची वाट न पाहता उत्तर देतो.

शनिवार बदलता येणार नाही. त्या दुपारी सभागृहात एका शाळेचं स्नेहसंमेलन आहे. रविवारचं दुपारचं सत्र मात्र रिकामं आहे, कालच चौकशी केली. ते घेतलं तर चारला ताबा मिळेल. साउंडवाल्या भाऊंनी लिहिलंय ते शब्दशः खरं आहे, अडचण भाड्याचीच आहे. आमचं मंडळ देणग्यांवर चालतं. तिकीट तीनशे ठेवलंय, ते मुद्दाम. संगीताच्या कार्यक्रमाला माणशी पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की कर लागतो आणि निवृत्त मंडळींना तिकीट परवडत नाही. म्हणून तिकीट वाढवण्याची आमची तयारी नाही.

सकाळच्या मैफलीची सूचना मनापासून आवडली. या डिसेंबरात शक्य नाही, कारण त्या रविवारचं सकाळचं सत्र आधीच गेलेलं आहे. जानेवारी-फेब्रुवारीसाठी शोध घेतो.

आणखी एक. रविवारी शेवटी गाणाऱ्या कलाकारांना पहिल्या भागात घ्यावं लागेल आणि बासरी नंतर. त्यासाठी दोघांशी बोलावं लागेल. कुणी काय गावं हे आम्ही कधीच सांगत नाही, यापुढेही सांगणार नाही. पण वेळ मोकळी करून दिली आहे, एवढं गायकांच्या कानावर नक्की घालू.

तंबोरा

"वेळ मोकळी करून दिली आहे" हे फार सुंदर लिहिलंत. त्यांना तेवढंच सांगा. जाणकार गायकाला पुढचं सांगावं लागत नाही.

दुपारच्या सत्राच्या भाड्यासाठी माझ्या वर्गातली मुलं आणि पालक मिळून आम्ही वाटा उचलतो.

तर्रीपोहे

माझा बी वाटा धरा. आन जानेवारीच्या सकायचं मी इसरणार नाही, दर आठवड्याले इथं येऊन आठवण देणार हावो. थंडीत पहाटे ललत ऐकायचा हाये मले. बासरीवर झाला त अजून चांगलं.

खामल्याचे काका

माझ्या पेन्शनमधून काही रक्कम देतो. कार्यकारिणीने हिशेबाची वही सभागृहाच्या दाराशी ठेवावी, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही. आणि सत्कार-भाषणं मध्यंतरानंतर ठेवा. साडेपाचला सभागृह मिळवून सव्वासहापर्यंत शाली-श्रीफळ चाललं, तर या सगळ्या खटपटीचा उपयोग काय?

कार्यकारिणीतून

काका, मान्य. दीपप्रज्वलन ५:२० ला, भाषण नाही. सत्कार मध्यंतरानंतर, तोही एकच. वही ठेवतो.

अंबाझरी

मी धरमपेठेतून गाडीने येते, दोन जागा रिकाम्या असतात. ज्यांना जिना चढायचा त्रास आहे त्यांनी इथे कळवा, परतताना थेट घरापर्यंत सोडते. महालातल्या सासूबाईंना सगळ्यांत आधी. भैरवी पूर्ण ऐका, मेट्रोची चिंता करू नका.

महालातली सून

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "त्या बाईंना सांग, मी त्यांच्यासाठी सांबारवडी घेऊन येते." डिसेंबरात सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोवळा असतो, तेव्हा नाही म्हणू नका.

कार्यकारिणीतून

नक्की झालं. रविवार, पहिला सूर ५:३०. दोन्ही कलाकारांनी क्रम बदलायला आनंदाने होकार दिला. गायकांना निरोप पोचवला तेव्हा ते फोनवर क्षणभर गप्प राहिले आणि एवढंच विचारलं, "सभागृहाला पश्चिमेकडे खिडकी आहे का?" खिडकी नाही. पण डाव्या बाजूचं दार पश्चिमेला उघडतं, ते पहिला अर्धा तास उघडं ठेवू. साउंडवाले भाऊ, दार उघडं ठेवून एसीचं काय करायचं ते आपण बघा.

साउंडवाला

एसी बंदच ठेवू. डिसेंबरात साडेपाचला लागतो कशाला? तंबोरे पण जागचे हलणार नाहीत. मात्र दारात कुणाला उभं राहू देऊ नका आणि त्या बाजूचं पार्किंग पाच वाजल्यानंतर बंद करा, नाहीतर गाड्यांचे हॉर्न सरळ माइकमध्ये येतील.

धंतोलीकर

आज दुपारी बाबांना सगळं वाचून दाखवलं, दाराच्या गोष्टीपर्यंत. ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर तंबोरा खाली काढून मागितला. एक तार तुटलेली होती, ती मी इतवारीतून आणून दिली. त्यांनी स्वतः चढवली. बोटं थरथरतात, त्यामुळे खुंटीला तार गुंडाळायला बराच वेळ लागला, पण मला हात लावू दिला नाही. मग तारेखाली जवारीचा दोरा सरकवत बसले. पहिली तार पंचमाला नेहमी लागते, ती त्यांनी खाली घेतली नाही, वर चढवत नेली. मी विचारलं, "बाबा, ही कुठे लावताय?"

"निषादाला," म्हणाले. "मारव्यात पंचम कुठे असतो?"

रविवारी आम्ही पाचलाच येतोय. सातवी रांग, पश्चिमेच्या दाराच्या बाजूच्या दोन खुर्च्या कृपया धरून ठेवा.